बोटी शाकारलेल्या आहेत तोवर शिष्यवृत्तीचे कागद जमवा

गेल्या सीझनला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, फॉर्म भरायला आली. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला आणि दोघी वाट बघत बसलो.

"मोबाईल कोणाचो जोडलेलो आसा गो?"

"बाबांचो."

"बाबा खंय?"

"बोटीर."

झालं! बाबा ट्रॉलरवर, रेंजच्या बाहेर. ते बंदराला लागले चार दिवसांनी, तेव्हा कुठे फॉर्म उघडला.

देवगडात बंदराच्या वाटेवर माझं सेवा केंद्र आहे. हे असं दर वर्षी होतं, म्हणून मी आता सगळ्यांना एकच सांगते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारून वर ओढलेल्या असतात, बाबा घरात असतात. पोर्टलवर फॉर्म कधी का सुरू होईना, कागद या दोन महिन्यांत जमवा. एकदा गणपती आले की ऑफिसात कोण भेटत नाही आणि घरातही कोणाला वेळ नसतो.

आधी आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या. आधार केंद्रात हे होतं, काही गावांत पोस्टमनही हे काम करून देतो. त्याच फेरीत नाव तपासा. दहावीच्या मार्कशीटवर 'चंद्रकांत' आणि आधारवर 'चंद्रकात' असेल, तर त्या एका अनुस्वारापायी फॉर्म परत येऊ शकतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि चालू वर्षाचा. बारावीला काढलेला जुना चालत नाही. खलाशाला पगाराची स्लिप कुठून असणार? तो पगारावर नाही, मिळालेल्या मासळीतल्या वाट्यावर काम करतो. तिथे रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल यावर काम होतं. खरी गंमत सातबाऱ्याची. आपल्याकडे सातबारा सामाईक: आजोबा, चुलते, आत्या, सतरा नावं, त्यातली अर्धी मुंबईला. बागेतली सगळी आंब्याची कलमं कागदावर एकत्र दिसतात आणि तुमच्या वाटणीला येतात बारा. ते तलाठ्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

इथे बरेच पालक मला हळूच म्हणतात, "काकी, चाळीस हजारच घाला." मी घालत नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा 8 लाख रुपये. खलाशाचं किंवा छोट्या बागायतदाराचं खरं उत्पन्न त्यात सहज बसतं, मग खोटं लिहून दाखला अडकवून कशाला घ्यायचा? अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मात्र मर्यादा अडीच लाखांची आहे, तिथे आकडा नीट बघा. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला लागतोच, आणि व्यावसायिक कोर्सला जात पडताळणी. ती दोन महिन्यांत उरकेल या भरवशावर राहू नका, अकरावीपासून मागे लागा. घर सोडून शिकायला राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही बघावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती आहे, आणि आपल्याकडे फार थोडे तिचा अर्ज करतात.

मुलींसाठी एक. 2024-25 पासून कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला गेलेल्या, 8 लाखांच्या आतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण माफ म्हणजे फॉर्म नाही असं समजून दोघी घरी बसल्या होत्या. फॉर्म भरावाच लागतो.

आता बँक. यात मी स्वतः फसले आहे. माझ्या मुलाचं खातं आधारला 'जोडलेलं' होतं, पासबुक, केवायसी सगळं ठीक. पैसे मात्र आले नाहीत. शोधलं तर ते भलत्याच खात्यात. सिमकार्ड घेताना त्याने एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं आणि विसरला होता. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येणारा, पैसा तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारला सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलेल्या, खात्यात जातो. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा, तिथे कुठल्या बँकेचं नाव येतं ते बघा. दुसरंच नाव आलं तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या. केवायसीचा फॉर्म वेगळा, काउंटरवरचे कधी कधी तोच हातात देतात.

कागदांचे फोटो घरातच, उजेडात, सपाट ठेवून काढा. प्रत्येक फाइल 256 केबीच्या आत लागते. ओल्या हातांनी पकडलेल्या रेशनकार्डाचा फोटो माझ्याकडे आला होता, त्यात अंगठाच जास्त दिसत होता.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. एका कॉलेजात एका मुलाचा अर्ज क्लार्कच्या टेबलावर मुदत संपेपर्यंत पडून होता आणि त्याचं वर्ष गेलं. दर आठवड्याला स्टेटस बघा. कॉलेजकडेच अडकला असेल तर प्राचार्यांच्या नावे चार ओळींचं पत्र द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या. त्रुटी काढून परत आला तर त्याच दिवशी बसा, कारण दुरुस्तीची मुदत कोणी फोन करून सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी नवीन अर्ज भरू नका, नूतनीकरण करा. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. मोबाईलमध्ये नको, तो पावसात भिजतो.