फोर्टला अर्धाच दिवस आहे, मग म्युझियम की कॅथेड्रल?

ठाण्याहून मुंबईतल्या फोर्टला जायचं म्हणजे जाण्यायेण्यातच दोन-अडीच तास जातात, त्यात रविवारी मेगाब्लॉक असला तर विचारूच नका, म्हणून घरातनं निघायच्या आधीच ठरवा की म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, बघायचंय की सेंट थॉमस कॅथेड्रल हे जुनं चर्च. दोन्ही उरकू म्हणून निघालात तर एकही धड होत नाही. मी आईला घेऊन हेच केलं होतं, आधी कॅथेड्रल मग म्युझियम, आणि तीन वाजेपर्यंत तिचे गुडघे इतके दुखायला लागले की मिनिएचर चित्रांच्या, म्हणजे जुन्या बारीक लघुचित्रांच्या दालनात न जाताच आम्ही परत फिरलो, ते अजून मनाला लागलंय.

तर आधी वेळ बघा. तास-दीड तासच असेल तर कॅथेड्रल. सीएसएमटीला उतरून डी. एन. रोडने सरळ हुतात्मा चौकापर्यंत चाला आणि डावीकडे हॉर्निमन सर्कलच्या दिशेने वळा की आलंच. याचं बांधकाम १६७६ साली सुरू झालं, मग कित्येक वर्षं अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या आणि शेवटी १७१८ च्या नाताळात ते उघडलं. चर्चगेट स्टेशनचं नाव ह्याच चर्चवरून आलंय, किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे येत तो चर्च गेट, तटबंदी १८६० च्या दशकात पाडली पण नाव तेच राहिलं.

आत गेलात की एकदम पुढे वेदीपाशी जाऊ नका, भिंतींवरच्या संगमरवरी स्मारकांपाशी थांबा, मला विचाराल तर जायचं ते त्यासाठीच. जोनाथन डंकन १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर होता, त्याच्या स्मारकात लहान मुलं कोरलीयेत आणि बनारस, काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. बाकीचे लेख पण सावकाश वाचा, त्यातली वयं बघा, विशी-तिशीत इथे येऊन वारलेली किती माणसं आहेत, वाचताना पोटात कालवतं. फक्त रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा आत फिरू नका, लोक तिथे देवासाठी आलेले असतात.

तीन तास मोकळे असतील तरच म्युझियम. जॉर्ज विटेटने बांधलेलं, १९०५ ला पायाभरणी झाली आणि लोकांसाठी उघडलं ते १९२२ मध्ये, कारण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी हॉस्पिटल होतं. सगळी दालनं बघायचा हट्ट नको, दोन निवडा. लहान मुलं सोबत असतील तर प्राणी-पक्ष्यांचं दालन आधी उरका नाहीतर ती तुम्हाला दुसरीकडे थांबू देणार नाहीत. मोठी माणसं असतील तर सरळ मिनिएचर, तिथे उजेड मंद असतो कारण जास्त उजेडाने रंग उडतात, डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. मग एकच चित्र धरा आणि काचेच्या अगदी जवळ जा, चेहरा नखाएवढा असतो तरी गळ्यातला एकेक मोती वेगळा दिसतो, कारण बऱ्याचदा तो पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका असतो, कागदावर किंचित उठून आलेला. हे मोबाईलवरच्या फोटोत कधीच कळत नाही.

आधुनिक चित्रं आवडत असतील तर समोरच रिगल सर्कलला एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, पण सोमवारी बंद असतं आणि मजले चढत जायचे असतात, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना नेताना विचार करा.

आईला घेऊन पुढच्या महिन्यात परत जातोय. ठाण्यातनंच सुटणारी लोकल धरणार म्हणजे तिला बसायला मिळेल, स्टेशनवरून टॅक्सी करणार, आणि म्युझियम उघडलं की आधी मिनिएचरच्याच दालनात.