आकृतिबंध बदलतोय? आधी आपलं सेवापुस्तक बघून या

राज्याच्या कर विभागात आकृतिबंधाच्या, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याच्या, पुनर्रचनेची कुणकुण लागली की सगळे एकच बोलत बसतात, कोण कुठे जाणार, कुठलं ऑफिस कशात विलीन होणार. त्यात वेळ घालवू नका. शासन निर्णय निघाला की त्याची पीडीएफ उतरवून घ्या आणि थेट परिशिष्ट उघडा, कुठल्या संवर्गाची किती पदं मंजूर, किती निरसित म्हणजे रद्द, ते तिथेच असतं. पद निरसित झालं म्हणजे नोकरी गेली असं नाही हो, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईतले जकात नाके बंद झाले पण तिथल्या लोकांना पालिकेने दुसऱ्या खात्यांत घेतलंच. आपल्याकडे विक्रीकर निरीक्षकाचा राज्यकर निरीक्षक झाला तोही त्याच वर्षी.

खरा घोळ होतो सेवाज्येष्ठता यादीत, कारण अतिरिक्त कोण ठरणार आणि कुणाला कुठे सामावून घेणार हे बरंचसं त्यावर येतं. तात्पुरती यादी आली की आपलं नाव, जन्मतारीख, नियुक्तीची तारीख, विभागीय परीक्षा कधी पास झालात, सगळं बोट ठेवून तपासा. माझ्यासोबतच्या एका कर सहायकाची परीक्षा पास झाल्याची नोंदच सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या अधिकृत नोंदवहीत, नव्हती, आदेश त्याच्या घरी कपाटात आणि पुस्तकात ते पान कोरं, आस्थापनेवाले म्हणाले आधी का नाही सांगितलं. यादी अंतिम होऊन गेली होती. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून आजच आस्थापना शाखेत जा, पुस्तक मागा, स्थायित्वाचा म्हणजे कायम झाल्याचा आदेश, रजेचा हिशोब, वेतननिश्चिती बघा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

हरकत तोंडी सांगू नका. मुदतीत लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, मेल पण टाका.

बदलीचं म्हणाल तर २००५ चा बदल्यांचा कायदा एकदा वाचाच. साधारण कार्यकाळ ३ वर्षं, मंत्रालयाबाहेरच्या गट क ला दोन पूर्ण कार्यकाळ, आणि बदल्या एरवी एप्रिल-मे मध्ये. मध्येच करायची तर कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. नवीन निर्माण झालेल्या पदावर मात्र वर्षात कधीही पाठवू शकतात, आणि पुनर्रचनेत नेमकं हेच होतं त्यामुळे "मे नंतर बदली कशी केली" एवढ्यावर भांडायला जाऊ नका. नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील, घरात कुणाचं मोठं आजारपण असेल तर विनंती अर्ज कागदपत्रांसकट पदस्थापना व्हायच्या आधी द्या, नंतर कुणी ऐकत नाही. आणि अन्याय झालाच तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे, अंतिम आदेशापासून १ वर्षाची मुदत असते, ती संघटनेच्या आश्वासनांवर घालवू नका.

जाताना कार्यभार यादी सही करून द्या, प्रलंबित केसेस फाईलनिहाय लिहून. अंतिम वेतन प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हलू नका आणि सेवार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, नवीन ऑफिसला नाव जोडलं गेलं का ते पहिल्याच आठवड्यात विचारा, नाहीतर पगार अडकतो आणि घरचा हप्ता काय थांबत नाही.