कपाटातली ओल शोषणारी डबी खरेच काम करते का, हे घरच्या घरी कसे तपासावे

मृग लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिऱ्याच्या घरांत कपाट उघडताच कोंदट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते आणि मग बाजारातून ओल शोषणारी प्लॅस्टिकची डबी आणली जाते. तिच्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे खडे असतात. ते हवेतली वाफ ओढून घेता घेता विरघळतात आणि खालच्या कप्प्यात पाणी साठते. ते पाणी पाहून आपण समाधान मानतो, परंतु फटींतून बाहेरची दमट हवा सतत आत येत असेल, तर डबी भरत राहते आणि कपडे मात्र सर्दच राहतात.

म्हणून प्रथम लहानसा डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा आणि आधी त्याचीच परीक्षा करावी. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे इतकेच थेंब टाकावेत की मीठ विरघळून न जाता ओल्या वाळूसारखे होईल. मग ते झाकण आणि मापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवावेत. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, त्यामुळे मापक ७० दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक नोंदीत ५ मिळवावेत. स्वस्तातल्या मापकांच्या आकड्यांत फरक पडतो, तेव्हा ही पायरी कृपया गाळू नये.

यानंतर दोन दिवस, डबी न ठेवता, कपाटातली आणि खोलीतली आर्द्रता सकाळ-संध्याकाळ टिपून ठेवावी. कपाटात अर्धवट वाळलेला एकही कपडा नसावा. मग डबीचे सील काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करावे, ती तळाच्या फळीवर सपाट ठेवावी आणि आठवडाभर दार नोंदीपुरतेच उघडावे. वजन वाढले आणि कपाटातला आकडा खोलीच्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे उतरून ६५ च्या खाली आला, तर डबीचा उपयोग होतो आहे. वजन वाढूनही दोन्ही आकडे सारखेच राहिले, तर बहुधा दाराच्या फटी मोठ्या आहेत. तिथे रबरी पट्टी चिकटवून प्रयोग पुन्हा करावा. उघड्या खोलीत अशी डबी ठेवणे व्यर्थच आहे.

साठलेले पाणी लोखंड गंजवते आणि चामडे खराब करते, त्यामुळे जरीच्या साड्यांच्या पेटीत या डबीऐवजी न पाझरणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.