रोड बाईकवर बसायला त्रास होतोय? सॅडल असं निवडा

रोड बाईकचं, म्हणजे रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकलचं, नवं सॅडल (बसायची सीट) शोधायला लागण्याआधी, नेमकं कुठे दुखतं ते स्पष्ट शब्दांत सांगता आलं पाहिजे. "खाली दुखतं" एवढ्याने भागत नाही. आमच्या ग्रुपमधल्या बायका माझ्याकडे सॅडलबद्दल विचारायला आल्या की मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि बहुतेकींची जीभ अडखळते. दुकानात समोर पुरुष असला तर विषयच निघत नाही. मग रंग आणि वजन बघून सॅडल घेतलं जातं. पण हाडं दुखणं, मधला नाजूक भाग सुन्न होणं आणि मांडीच्या आतली कातडी सोलवटणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तिन्हींचे उपायही वेगळे आहेत.

आपण ज्यांच्यावर बसतो ती दोन हाडं नितंबांखाली असतात. कडक बाकावर ताठ बसून तळहात खाली सरकवले तर ती हाताला टोचतात. वजन पेलायचं काम त्यांचं. त्यांच्या पुढे आणि मधे भगोष्ठ, योनिमुख, मूत्रमार्गाचं तोंड असं सगळं असतं. तिथल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर वजन पडलं की मुंग्या येतात, भाग बधिर होतो, सूज येते. सॅडल निवडताना बघायचं एवढंच, की हाडांना नीट आधार मिळतोय का आणि मधला भाग मोकळा राहतोय का.

नव्याने सायकल चालवू लागलेल्या बाईची हाडं पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, मुका मार बसल्यावर दुखतं तशी, आणि मग ते कमी होत जातं. "सवय होईल" हा सल्ला या दुखण्यापुरताच खरा आहे. बधिरपणा, सूज आणि लघवी करताना होणारी जळजळ यांची सवय करून घ्यायची नसते.

खर्च करण्याआधी सायकलवरची बैठक तपासा. सॅडल जास्त उंच असेल तर पाय खाली पोचवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि प्रत्येक पेडलला कातडी घासली जाते. अशा वेळी जगातलं सर्वोत्तम सॅडलही टोचेल. टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीसारखं चवड्यावर ठेवलं की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. मैत्रिणीला मागून चालत्या सायकलचा व्हिडिओ काढायला सांगा. कंबर डुलते का ते त्यात लगेच दिसतं. एकाच बाजूला दुखत असेल तर हा व्हिडिओ अधिकच कामाचा, कारण दोष बहुधा उंचीत, बुटाच्या क्लीटमध्ये (बूट पेडलला अडकवणारी तळव्याखालची पट्टी) किंवा पायांच्या लांबीतल्या फरकात असतो.

दुसरी तपासणी हँडलची. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल तर शरीर पुढे ओढलं जातं, आपण सॅडलच्या रुंद भागावरून सरकत नाकावर, म्हणजे पुढच्या अरुंद टोकावर, येतो आणि सगळं वजन नको तिथे पडतं. बायकांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहिलंय, कारण पुष्कळ जणी घरातल्या कुणाची तरी किंवा दुकानात होती ती सायकल चालवतात. आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बसवल्यावर जुनंच सॅडल बरं वाटायला लागतं, असंही होतं.

आता माप. बसायच्या हाडांमधलं अंतर घरी मोजता येतं. खोक्याचा जाड, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा घ्या. तो कडक आणि बुटक्या स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या किंचित वर राहतील. पातळ कपड्यात त्यावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाका, टाचा उचला आणि मिनिटभर स्थिर राहा. उठताना घसरत उठू नका, सरळ वर उठा. पुठ्ठा खिडकीपाशी न्या किंवा टॉर्च तिरकी धरा. दोन लंबगोल खड्डे दिसतील. न दिसले तर पेन्सिल आडवी धरून त्यावरून हलकी फिरवा, खड्ड्यांची जागा कोरी राहते. सगळ्यात खोल दोन बिंदूंवर खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. नव्या पुठ्ठ्यावर पुन्हा करा. दोन्ही मापं जुळली की ते तुमचं माप.

हे माप अंगलटीवरून ओळखता येत नाही. आमच्यातली सगळ्यात सडपातळ, उंच मुलगी १४० मिमी निघाली आणि तिच्याहून कितीतरी रुंद कमरेची बाई ११५. सरासरीने बायकांची ही हाडं पुरुषांपेक्षा थोडी लांब-लांब असतात हे खरं, पण दोघांच्या मापांत इतकी सरमिसळ आहे की "लेडीज" लिहिलंय म्हणून सॅडल घेणं आणि लिहिलं नाही म्हणून टाळणं, दोन्हीला अर्थ नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅडलवर शेकडो किलोमीटर मजेत जातात.

मिळालेल्या मापात साधारण २० ते ३० मिमी मिळवा. सॅडलवर छापलेली रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची असते, आणि कडा उतरत्या असल्यामुळे तिथे हाड टेकत नाही. म्हणून ही भर. एकच मॉडेल अनेकदा १३०, १४३, १५५, १६८ अशा रुंद्यांत मिळतं. ११८ माप असेल तर १४३ पासून सुरुवात करा. त्यातही तुम्ही किती वाकता ते बघायचं. ही हाडं झुलत्या खुर्चीखालच्या बाकदार पट्ट्यांसारखी असतात आणि पुढे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. ताठ बसणारी बाई पट्ट्यांच्या मागच्या, रुंद भागावर बसते. ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग, पकडून खोल वाकणारी पुढच्या, अरुंद भागावर येते. त्यामुळे एकाच मापाच्या दोघींना वेगळी रुंदी लागू शकते. वाकणारीला २० मिमीची भर पुरते, ताठ बसणारीला ३० किंवा थोडी अधिक लागते.

अरुंद सॅडलवर हाडं कडेवरून बाहेर लोंबतात आणि मधला भाग भार घेतो. फार रुंद असेल तर मांडीच्या मागे आणि आत घासतं, आणि सोलवटणं टाळायला बाई नकळत पुढे सरकते. म्हणजे दोन्ही टोकांच्या चुका शेवटी नाजूक भागालाच भोवतात.

मऊपणाबद्दल माझं मत ठाम आहे. रोड बाईकवर तासाभरापेक्षा जास्त बसणार असाल तर जाड जेलचं, उशीसारखं सॅडल घेऊ नका. दुकानात अंगठा दाबून बघितला की ते छान वाटतं. पण हाडं त्यात रुततात आणि मधला फोम वर उसळून नेमका तिथे दाबतो जिथे काहीच नको होतं. वरून जेलचं कव्हर चढवलं की तो दाब आणखी वाढतो, शिवाय कव्हर सरकतं. सॅडलचा थर घट्ट हवा आणि बेताच्या जाडीचा हवा. मऊ गादी लागतेच, पण ती अंगावर, शॉर्ट्समध्ये.

मधल्या भोकाचं किंवा खोबणीचं काय? बहुतेकींना त्याने आराम पडतो, सगळ्यांना नाही. इथे उघड बोलायलाच हवं. बायकांची रचना एकसारखी नसते. काहींचे आतले भगोष्ठ बाहेरच्यांपेक्षा लांब असतात. पुढे वाकल्यावर ते भोकात उतरतात आणि त्याच्या कडेवर घासतात किंवा तिथे सूज साचते. अशा वेळी रुंद, गोलसर कडांची खोबण बघा, किंवा भोकाच्या जागी अगदी मऊ फोम भरलेलं सॅडल बघा. भोक अरुंद आणि कडा धारदार असेल तर मी ते सॅडल खाली ठेवायला सांगते. कापडाखाली बोट फिरवलं की कड जाणवते. भोक पुढपर्यंत आलेलं असावं, कारण वाकल्यावर भार पुढेच येतो.

मग आकार. सॅडल समोरून बघा. वरचा भाग सपाट आहे की घोड्याच्या पाठीसारखा गोल? गोल सॅडल मधोमध वर येतं, म्हणून मला बायकांसाठी ते सहसा पटत नाही. बाजूने बघा. मागे उचललेलं, लाटेसारखं सॅडल कंबरेला एका जागी धरून ठेवतं. ज्यांना चढावर मागे आणि उतारावर पुढे सरकायची सवय आहे त्यांना सपाट बरं. वरून बघा. नाकापासून मागपर्यंत हळूहळू रुंद होणाऱ्या सॅडलवर मांड्या घासतात, म्हणून मांडीची आतली बाजू सोलवटत असेल तर अरुंद राहून मागे एकदम रुंद होणारं घ्या. आखूड नाकाची सॅडल साधारण २४० ते २५० मिमी लांब असतात, जुन्या धाटणीची २७० ते २८०. पुढे वाकून चालवणाऱ्या बायकांना मी आधी आखूड नाकाचं देते. टोचायला पुढे काही उरतच नाही.

घेताना खालच्या रेल, म्हणजे सॅडलखालच्या दोन दांड्या, बघायला विसरू नका. स्टील किंवा टायटॅनियमच्या रेल ७ मिमी जाडीच्या गोल असतात. कार्बनच्या बहुधा ७ बाय ९ मिमीच्या लंबगोल, आणि त्यांना सीटपोस्टचा (सॅडलखालच्या नळीचा) क्लॅम्प, म्हणजे रेल पकडणारी पकड, वेगळा लागू शकतो. न जुळणारा क्लॅम्प आवळला तर रेल तडकते.

बसवताना आधी जुन्या सॅडलची मापं लिहून ठेवा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची, आणि सॅडल जिथे ८० मिमी रुंद होतं त्या जागेपासून हँडलपर्यंतचं अंतर. नाकापासून मोजू नका. आखूड नाकाचं सॅडल नाक जुळवून बसवलं तर बसायची जागा दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाते, आणि मग "हे सॅडल वाईट" असा निकाल लागतो. प्रत्येक सॅडलचा रेलपासूनचा उंचावाही वेगळा असतो, म्हणून उंची पुन्हा मोजायचीच.

सायकल सपाट जमिनीवर उभी करून सॅडलवर एक कडक वही आणि वहीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. सपाटपासून सुरुवात करा, समोर दाब वाटला तर नाक एक-दोन अंश खाली. त्याहून जास्त झुकवलं की आपण घसरत राहतो आणि भार तळहातांवर, मानेवर येतो. शर्यतीत टायमट्रायलच्या (एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या) बैठकीत मात्र जास्त उतार लागतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयने तर २०१६ मध्ये सॅडलच्या उताराची मर्यादा ९ अंशांपर्यंत सैल केली. आपल्या रोजच्या बैठकीला एवढा उतार लागत असेल तर बहुधा सॅडल किंवा हँडल चुकीचं आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी ॲलन कीसोबत (षटकोनी किल्ली) छोटी मोजपट्टीही घ्या. दुकानाबाहेरच्या एका चकरेत काही कळत नाही. ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, अर्धा तास बसलं तर ढोबळ चुका लक्षात येतात, कारण तिथे सायकल हलत नाही आणि आपण उठत नाही. खरी परीक्षा तुमच्या नेहमीच्या अंतराची. म्हणून परत घेणाऱ्या किंवा चाचणीसाठी सॅडल देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या. घरी आल्यावर शरीर बघा, आरसा घ्या. लाल डाग दोन्ही हाडांवर सारखे असतील तर ठीक. मधे सूज किंवा लाली असेल तर ते सॅडल परत करा, वरचा थर कितीही महागाचा असो.

शॉर्ट्सचं थोडक्यात. पॅडच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, त्याची शिवण कातडी कापते. बायकांचा पॅड हाडांपाशी रुंद असतो आणि मधोमध शिवण नसते. लांब अंतराला कातडी घासू नये म्हणून क्रीम लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही पेडल उभं राहून मारा. सायकलवरून उतरलं की शॉर्ट्स लगेच बदला. खालचे केस मुळासकट काढू नका. ते घर्षण कमी करतात आणि काढल्यावर पुळ्या होतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंनाही तज्ज्ञांनी हेच सांगितलं होतं.

बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात जुनं, लाडकं सॅडल अचानक टोचायला लागू शकतं. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. तेव्हा माप आणि आकार पुन्हा तपासा. सायकल थांबवल्यावरही सूज उतरत नसेल, गाठ लागत असेल किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सायकल चालवते हे त्यांना आधीच सांगा.

जुळणारं सॅडल मिळालं की सीटपोस्टवर फ्रेमच्या कडेला इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा, रेलवर क्लॅम्पपाशी खूण करा, उतार आणि दोन्ही मापं फोनमध्ये लिहा. मग तेच मॉडेल, त्याच रुंदीत, आणखी एक घेऊन ठेवा. कंपन्या मॉडेल बंद करतात.