मिशन ट्रिपला परदेशी निघालात? देवाचा पुरवठा नीट टिपायचा कसा

मुंबईतून नेपाळला नाहीतर केनियाला चर्चची टीम गेली की परत आल्यावर उपासनेत साक्ष होणारच, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, "प्रभूने दार उघडलं" वगैरे, आणि उघडतो तो, त्यात शंकाच नाही, पण साक्ष ठोस हवी असेल तर तयारी निघायच्या आधीच करावी लागते.

एक साधी वही घ्या. मोबाईल नको, त्यात मागाहून बदललेलं कळत नाही. प्रार्थना केली की त्याच दिवशी तारीख घालून लिहा, नेमकं काय मागितलं ते. "प्रवास आशीर्वादित कर" असलं मोघम नको, त्याचं उत्तर आलं की नाही हे कोण सांगणार? "तिकिटाला अमुक इतके कमी पडतायत", "तिकडे दुभाषी मिळालेला नाही", असं लिहा. उत्तर आलं की समोरच्या पानावर तारीख, आणि कोणामार्फत आलं ते. नाही आलं तर पान कोरं राहू दे, फाडू नका. प्रेषित पौलाचंच बघा ना, बायबलात प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये त्याला आधी आसिया प्रांतात देवाचं वचन सांगायला मनाई, मग बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि मग कुठे त्रोवसला मासेदोनियाचा दृष्टांत. त्या दोन मनाया गाळल्या तर तो त्रोवसला पोचला कसा तेच कळत नाही.

आता कागदपत्रं, इथे विश्वासाच्या नावाखाली आळस करणारे लय असतात. केनियासाठी पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, तीही निघायच्या किमान 10 दिवस आधी, कारण सर्टिफिकेट 10 दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून बिनधास्त राहू नका, तिथे कुणाचं धर्मांतर घडवणं गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणून तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, बोलावलं तरच जा, आणि कुठे काय बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

कुणी म्हणालं की एवढी धावपळ म्हणजे विश्वास कमी, तर त्याला आपल्या मुंबईचीच गोष्ट सांगा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी 1813 मध्ये अमेरिकेहून इथे आले तेव्हा कंपनी सरकारचा त्यांना परत पाठवायचा हुकूम होता. त्यांनी प्रार्थना केलीच, पण गव्हर्नर नेपियनला विनंतीची पत्रंही लिहिली, आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती.

परत आल्यावर साक्ष वही बघूनच द्या, आठवणीवर सोडलं की दर रविवारी गोष्ट थोडी फुगते. ज्याने मदत केली त्याचंही श्रेय सांगा, देव माणसांकडूनच पुरवतो बहुतेक वेळा. आणि नेपाळच्या विश्वासणाऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, प्लीज, ती माणसं तिथेच राहतात.