सीट लेदरची की लेदरसारखी? मृगाआधी बघून ठेवा

महागड्या गाड्यांतून खरं कातडं हळूहळू हटतंय. व्होल्वोने २०२१ मध्येच आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या लेदरविना काढायचं जाहीर केलं. मर्सिडीजचं आर्टिको, बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक हीदेखील कृत्रिमच. हाताला फरक चटकन कळत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात मात्र नक्की कळतो. म्हणून आधी मॅन्युअल उघडा.

खरं लेदर असेल तर बंद गाडीत पांढरट बुरशी धरते, आधी शिवणीत आणि हेडरेस्टच्या मागे. ती गाडीत झटकू नका, बाकीच्या सीटवर उडते. दारं उघडी टाकून ओलसर फडक्याने टिपून घ्या, मग एसी लावून सीट खडखडीत वाळू द्या. खोबरेल चोळणं हा आमच्याकडचा लाडका उपाय. चकाकी दोन दिवस, डाग कायमचा. आणि बुरशीला ते खाऊच!

कृत्रिम असेल तर लेदर कंडिशनरवर पैसे घालू नका, ते आत मुरतच नाही. त्यावरचा पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर दमट हवेने काही वर्षांत कमकुवत होऊन पापुद्रे सोडतो, तेव्हा ओला रेनकोट सीटवर टाकायची सवय मोडा. रेनकोटला डिकीत एक घमेलं ठेवा. सॅनिटायझरही नको, त्याने वरचा थर निघतो.

फणसाचा चीक लागला तर, फक्त कृत्रिम सीटवर, बोटाला थेंबभर खोबरेल घेऊन तो सोडवा आणि लगेच साबणाच्या पाण्याने पुसा.