निशी-कासाईला राहायला येताय? या चुका टाळा

टोकियोत नोकरीसाठी येणारे आपले बरेच लोक पहिलं घर निशी-कासाईला घेतात. भारतीय किराणा मिळतो, ओळखीपाळखीची माणसं भेटतात आणि तोझाई या मेट्रो लाईनने ओतेमाची, कायाबाचोकडची ऑफिसं गाडी न बदलता गाठता येतात. स्टेशनही साधंसरळ. तरी नवीन मंडळी आली की चुका त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

गाडी कुठे जाते एवढंच बघून चढणं

निशी-फुनाबाशीकडे, म्हणजे लाईनच्या पूर्वेकडच्या टोकाला जाणारी प्रत्येक गाडी निशी-कासाईला थांबत नाही. रॅपिड, म्हणजे काइसोकु, तोयोचोपर्यंत सगळी स्टेशनं घेते, त्यामुळे ओतेमाचीला बसलेल्याला वाटतं की ही लोकलच आहे. तोयोचो सुटलं की मात्र मिनामी-सुनामाची, निशी-कासाई आणि कासाई ही तिन्ही सोडून ती थेट उरायासूला थांबते. उरायासू नदीपलीकडे, चिबा प्रांतात.

पुण्याचं एक जोडपं रविवारी दुपारी लहान मुलीला आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन यायचं होतं. मी त्यांना बजावलं होतं, लोकल बघूनच चढा. ओतेमाचीला गाडी उभी दिसली, दारं उघडी होती, धावत जाऊन चढले. पोचले उरायासूला. मी मेसेज केला की तिथेच थांबा. तोवर त्यांनी घाईघाईने पलीकडे जाऊन परतीची पहिली गाडी पकडली होती आणि तीही रॅपिडच होती! निशी-कासाईचा बोर्ड खिडकीबाहेरून सर्रकन मागे गेला आणि मंडळी पुन्हा तोयोचोला. शेवटी तिथल्या स्टेशन कर्मचाऱ्याने त्यांना लोकलमध्ये बसवून दिलं. मी गेटपाशी उभा होतो. मुलगी रडून रडून बाबाच्या खांद्यावर झोपली होती. ओतेमाचीहून लोकलने जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. मागची लोकल पकडली असती तर एव्हाना घरी चहा झाला असता.

माझी सवय अशी: प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डावर आधी गाडीचा प्रकार वाचायचा, शेवटचं स्टेशन नंतर. जपानी वाचता येत नसेल तर बोर्ड इंग्रजी व्हायची वाट बघायची, काही सेकंदांचाच प्रश्न असतो. चुकून रॅपिडमध्ये बसलातच तर तोयोचोला उतरा, मागची लोकल त्याच प्लॅटफॉर्मवर येते. काही गाड्या तोयोचोपर्यंतच जातात, तेव्हाही हेच करायचं. उरायासूला पोचलात तर गेटबाहेर पडू नका, आतच कर्मचाऱ्याला गाठा आणि त्याला निशी-कासाई एवढं नाव सांगा. आणि कृपा करून बंद होणाऱ्या दारात उडी मारू नका. मागोमाग दुसरी गाडी असते, हे मुंबईच्या माणसाला तरी सांगावं लागू नये.

सकाळी दारातला दांडा धरून राहणं

तोझाई लाईनची सकाळची गर्दी जपानभर प्रसिद्ध आहे. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात 2019 साली गाड्या क्षमतेच्या 199 टक्के भरून जात होत्या. चढउतार लवकर व्हावी म्हणून 2010 पासून या लाईनवर जास्त रुंद दारांच्या नव्या गाड्याही आल्या. पण दारातला माणूस जागचा हललाच नाही, तर दार रुंद असून काय उपयोग?

इथली पद्धत साधी आहे. तुम्ही दारात असाल तर प्रत्येक मोठ्या स्टेशनवर खाली उतरायचं, दाराच्या बाजूला उभं राहायचं, उतरणारे उतरले की सगळ्यांत आधी परत चढायचं. नवीन माणसाला भीती वाटते की आपण उतरलो तर गाडी जाईल. जात नाही, आणि रांगेतले लोक तुम्हाला आधी आत जाऊ देतात. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. हे जमत नाही म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्यांच्यामुळे मागे अडकलेल्याचं स्टेशन जातं.

बाकीच्या, थोडक्यात

कासाई, निशी-कासाई आणि कासाई-रिंकाई-कोएन ही तीन वेगळी स्टेशनं आहेत. तिसरं तर तोझाई लाईनवर नाहीच, ते जेआरच्या (जपान रेल्वेच्या) केइयो लाईनवर समुद्राजवळ आहे. पाहुण्यांना नावासोबत नंबरही कळवा: निशी-कासाई म्हणजे टी-16.

सकाळच्या गर्दीत एक डबा फक्त बायकांसाठी असतो. प्लॅटफॉर्मवर जमिनीवर खूण असते, रांग लावण्याआधी खाली बघा.

प्रवासाच्या कार्डात पैसे कमी पडले की गेट बंद होतं. तिथेच उभं राहून पुन्हा पुन्हा कार्ड टेकवू नका, मागे माणसं तुंबतात. गेटच्या आतच भाडं भरायचं मशीन असतं, तिथे पैसे भरा.

मिनामी-सुनामाचीनंतर गाडी बोगद्यातून वर येते आणि आराकावा नदी उघड्या पुलावरून ओलांडते. वादळी वाऱ्यात गाड्या हळू जातात, कधी थांबतातही. वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी लवकर निघा, आणि उशीर झालाच तर रेल्वेचा उशिराचा दाखला घ्यायला विसरू नका. ऑफिसात तो मागतात.